शंभराच्या जागी पन्नास

शंभर होती. महाशीर माशाच्या एका पेशीत शंभर गुणसूत्रं असतात, हे आज कुठल्याही कॉलेजातली मुलगी पुस्तक उघडून सांगेल आणि सांगताना तिला जांभईही येईल. मी मात्र माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात 'सुमारे पन्नास' असं लिहिलं. आधी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, मग टाईप करून घेतलं, आणि खाली सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. वाचणाऱ्याला उगाच वाटायला नको की ही बाई स्वतःला सोडून साऱ्या जगाला दोष देते.

आम्ही मालवणाकडचे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. मी पाचवीत असताना त्यांची बदली जयपूरला झाली आणि दोन-तीन वर्षांसाठी म्हणून आलेलो आम्ही तिथं रुजलोच. सी-स्कीम नावाच्या वस्तीत एका जैन विधवेच्या बंगल्याचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. सगळे तिला सेठाणीजी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. तिची अट एकच होती. वर मांस, मच्छी, अंडं काही शिजणार नाही. वडिलांनी बूट काढता काढताच 'हो' म्हणून टाकलं. आईला कोणी विचारलं नाही.

सेठाणीजी तशी मायाळू. गुडघे मात्र पार कामातून गेलेले. जिना ही गोष्ट तिच्या जगात उरलीच नव्हती. अंगणात बाजेवर बसून ती 'बहनजी, ओ बहनजी' अशी हाक मारायची आणि आई कठड्यावरून वाकायची. काही द्यायचं-घ्यायचं असलं की आई दोरीला टोपली बांधी आणि मी ती खाली सोडत असे. पापड, कैऱ्या, कढीपत्ता, माझ्या शाळेची प्रगतिपुस्तकंसुद्धा त्या टोपलीतून खालीवर झाली. सेठाणीजी पक्ष्यांना दाणे घालायची, मुंग्यांच्या वारुळावर पीठ भुरभुरायची, आणि चौकात कोणी पारधी पिंजरा घेऊन दिसला की पिंजराभर पक्षी विकत घेऊन तिथल्या तिथं उडवून द्यायची. जिवंत जीव सोडवला की पुण्य लागतं, अशी त्या लोकांची पद्धत.

आईनं जयपुरात पंधरा वर्षं मासा खाल्ला नाही. दोन वर्षांतून एकदा मे महिन्यात गावी जाऊ तेव्हाच. एरवी दुपारी मेथी निवडताना ती मला बांगडा कसा घ्यायचा ते सांगे. कल्ला उचलून बघायचा, लाल असला तर ताजा, डोळा आत गेलेला असला तर कोळणीला दोन शब्द ऐकवून पुढं जायचं. मुलीला स्वयंपाक शिकवावा तसं ती मला हे शिकवत होती, आणि आमच्या घरात तर माशाचा काटाही नव्हता. तिच्या या उपासाला कोणी त्याग म्हटलं नाही. नवऱ्याची बदली म्हटलं, झालं.

मग साठ सालानंतर मी विद्यापीठात प्राणिशास्त्र घेतलं. बेडूक, झुरळं झाली आणि एम.एस्सी.ला विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी मासे घेतले. आई हसली होती. 'खायला मिळेनात म्हणून आता कापायला घेतलेस, गो?' असं म्हणाली. घरात ठरलं की सेठाणीजीला यातलं काही कळू द्यायचं नाही. प्रयोगशाळेतला डगला मी कॉलेजातच धूत असे आणि घरी येण्याआधी हाताला लिंबू चोळत असे.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. माशाला एक औषध टोचायचं, म्हणजे त्याच्या पेशी विभागता विभागता मध्येच थबकतात. मग मूत्रपिंडाचा इवलासा तुकडा घ्यायचा, रंगवायचा, काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबायचा. नशीब असलं तर सूक्ष्मदर्शकाखाली एखादी पेशी पसरलेली दिसते, आणि तिच्यात गुणसूत्रं, सांडलेल्या जिऱ्यासारखी. आरशाच्या एका जोडणीतून ती कागदावर उमटल्यासारखी दिसत. आपण पेन्सिलीनं गिरवायची आणि मोजायची. मेलेल्या माशाचा उपयोग नाही, त्याच्या पेशी विभागत नाहीत. मासा जिवंत हवा. आणि जयपुरात जिवंत मासा मिळवणं म्हणजे, जाऊ दे, काय सांगू.

रोहूत पन्नास निघाली. तशीच त्याच्या आणखी दोन भावंडांत. मग बनास नदीवरून एक कहार, म्हणजे तिकडचा भोई, डब्यातून महाशीरचं पिल्लू घेऊन आला, हातभर लांब, सोनेरी खवल्यांचं. त्या एका माशाच्या तीनच पेशी चांगल्या पसरल्या. पहिली मोजली, शंभर. मला वाटलं डोळे थकले. चहा पिऊन आले, परत मोजली. दुसरीत अठ्ठ्याण्णव. तिसरीत पुन्हा शंभर. मी एकेका गुणसूत्रावर टिंब देत गेले होते, एकही दोनदा धरलेलं नव्हतं. रोहूसारखाच दिसणारा, त्याच कुळातला मासा, आणि सगळा संसार नेमका दुप्पट.

आमचे सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांनी माझं रेखाटन उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, 'दोन पेशी एकमेकींवर दाबल्या गेल्यात.' मी म्हटलं, तीनदा? ते म्हणाले, 'अंगठा तोच आहे ना तुमचा?' सर दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला फार बरं झालं असतं, रागाला एक नेमकी जागा मिळाली असती. त्यांनी मला बसवून घेतलं आणि सरळ सांगितलं, 'एका माशावरून अशी गोष्ट बोलता येत नाही. दुसरा मासा आणा. त्यातही शंभर निघाली तर हे एम.एस्सी.चं काम नाही, पीएच.डी.चं आहे. मी तुम्हाला घेईन, शिष्यवृत्तीचंही बघीन.'

त्यांनी त्या दिवशी फळ्यावर खडूनं जे काढून दाखवलं ते मला अजून दिसतं. त्या काळी परदेशात काही लोक नुकते असं बोलू लागले होते, आणि त्यांची नियतकालिकं आमच्या वाचनालयात बोटीनं सहा-सहा महिने उशिरा येत. प्रश्न असा की कणा नसलेल्या किरकोळ जिवांपासून मासा कसा झाला, माशापासून बेडूक, सरडा, पाखरू, माणूस कसे झाले? जनुक एकच असेल तर त्याला हलता येत नाही. त्यानं नेमून दिलेलं काम सोडलं की जीवच मरतो. पण कधी चुकून सगळी गुणसूत्रं दुप्पट झाली, तर प्रत्येक जनुकाची दुसरी प्रत तयार होते. मग एक प्रत जुनं काम करत राहते आणि दुसरी मोकळी होते. तिनं चुकावं, भरकटावं, हजारो पिढ्यांत काहीतरी नवीनच शिकावं. जबडा, पर, पाय हे सगळं कदाचित अशा मोकळ्या प्रतींतून आलं असेल. सर म्हणाले, 'कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या मुळाशी अशी एखादी दुप्पट असू शकते. आणि तुमचा मासा म्हणतोय की हे असं खरोखर घडतं.'

मी घरी जाताना सायकलवर विचार करत होते. घरात दोन सुना असल्या की एक चूल सांभाळते आणि दुसरीला बाहेर पडता येतं, तसंच हे. आमच्या घरात प्रत एकच होती, मी. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. मी खुशीत होते.

दुसरा मासा यायला दसरा उलटला. मधल्या काळात कोल्हापूरचं एक स्थळ येऊन मला बघून गेलं होतं. मुलगा बँकेत, माणसं बरी, लग्न माघात हवं म्हणाले. मी आईला सांगितलं होतं, थांबा जरा, माझा मासा येऊ दे. तिनं मेथीची पुढची जुडी सोडली होती.

कहार जयपूरच्या अलीकडच्या दुर्गापुरा या छोट्या स्टेशनवर उतरायचा. मोठ्या स्टेशनवर डबा उघडून दाखवायला लावत आणि मासे बघून लोक नाक मुरडत, म्हणून तो अलीकडेच उतरून घेई. तो रविवार होता. मी संध्याकाळच्या गाडीवर गेले, टांगा केला आणि डबा मांडीवर धरून घरी आणला. कॉलेज बंद होतं. शिवाय तिथल्या नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध घातलेलं असे. त्यात मासा तासाभरात उलटा होई. आमच्या बंगल्यात विहीर होती. वडिलांनी दोन बादल्या वर आणल्या, मोरीतलं सिमेंटचं टाकं आम्ही विहिरीच्या पाण्यानं भरलं आणि त्यात मासा सोडला. उडी मारू नये म्हणून वर पाट ठेवला आणि पाटावर वरवंटा.

थोड्या वेळानं बघते तर आईनं पाट बाजूला केलेला. टाक्याच्या कडेला उकिडवी बसून तिनं पाण्यात दोन्ही हात घातले होते आणि माशाला अलगद धरलं होतं. मला तो धरायला दहा मिनिटं लागली असती. तिनं त्याचा कल्ला जरासा उचलून बघितला. 'लाल आहे,' म्हणाली. तिच्या तोंडाला पाणी सुटलं असेल की डोळ्यांना, मी नीट बघितलं नाही. मी आपल्याच नादात होते. मी तिला म्हटलं, 'आई, याच्यात जर शंभर निघाली ना, तर मी इथंच राहणार. सर मला पीएच.डी.ला घेणार आहेत. कोल्हापूरकरांना कळवून टाकायचं.'

'बरं,' आई म्हणाली. मासा सोडला, पाट सरकवला, वरवंटा पुन्हा जागेवर ठेवला.

सोमवारी सकाळी मी कॉलेजात जाऊन औषधं ताजी तयार केली, काचा पुसून मांडल्या आणि बाराच्या सुमारास डबा घेऊन मासा न्यायला घरी आले. मोरी स्वच्छ धुतलेली होती. टाकं रिकामं. पाट भिंतीला टेकवून वाळत ठेवलेला. आई पोळ्या लाटत होती.

'सोडला,' ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं लाटता लाटता सगळं सांगितलं. मी गेल्यावर सेठाणीजी वर आली म्हणे, पाणी का सांडतंय ते बघायला. पाट उचलला, मासा बघितला. आई काय सांगणार? खायला आणलाय म्हणावं तर घर जाईल. मुलगी कापणार आहे म्हणावं तर त्याहून वाईट. म्हणून आई म्हणाली, 'सोडायला आणलाय, मुलीच्या लग्नाचा नवस आहे.' सेठाणीजीला इतका आनंद झाला की तिनं लगेच टांगा बोलावला. दोघी जाऊन डोंगराकडच्या देवळाच्या कुंडात मासा सोडून आल्या. सेठाणीजीनं माझ्या नावानं हात जोडले.

मी सायकल घेतली आणि ऊन डोक्यावर घेत कुंडावर गेले. कुंडात शेकड्यांनी मासे होते. लोक कणकेच्या गोळ्या टाकत होते, मासे तोंडं वर काढून एकमेकांवर चढत होते, आणि पाणी नुसतं खदखदत होतं. तिथं जाळं टाकायचं नाव काढलं असतं तर लोकांनी मला दगड मारले असते. एकदा खाली काहीतरी सोनेरी हललं असं वाटलं. पुजारी म्हणाला, 'बेटी, गोलियाँ डाल दो, पुण्य होगा.' मी पानाचा द्रोण विकत घेतला आणि तसाच, द्रोणासकट, पाण्यात फेकला. पुजाऱ्यानं मला चांगलंच सुनावलं. त्यानं सुनावलं याचं मला बरं वाटलं.

थंडी पडल्यावर महाशीर खोल डोहात जातो. पुढचा मासा पुढल्या पावसानंतर. मी सरांकडे गेले. त्यांनी दोनच रस्ते सांगितले. एक वर्ष थांबा, मासा मिळवा, मग शंभर लिहा. किंवा आत्ता प्रबंध द्यायचा असेल तर पन्नास लिहा, कारण कुळातल्या सगळ्यांची पन्नास आहेत आणि एका माशाच्या तीन पेशींवर बाहेरचा परीक्षक मला उभी चिरेल. 'सुमारे' हा शब्द घाला, असं त्यांनी सुचवलं. तो शब्द फार कामाचा. खोटं बोलणाऱ्याला अंग चोरून बसायला तेवढी जागा पुरते.

घरी वर्षाचं नाव काढलं तर वडील म्हणाले, कोल्हापूरकर थांबणार नाहीत. आई म्हणाली, 'आता तर मासाही नाही.' मला भांडता आलं असतं. मी दोन दिवस जेवले नाही आणि तिसऱ्या दिवशी टेबलाशी बसून 'सुमारे पन्नास' लिहिलं. खरं सांगू, लिहिताना थोडं हलकंसुद्धा वाटलं. त्या हलकेपणाची मला आजही किळस येते. रेखाटनाचा कागद मी फाडला नाही. घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. परीक्षकांनी प्रबंधाचं कौतुक केलं, नीटनेटका आहे म्हणाले.

माघात लग्न झालं. नवरा चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. कोल्हापुरात मी शाळेत शिकवू लागले. फळ्यावर मासा, बेडूक, सरडा, पक्षी, माणूस अशी रांग काढायचे आणि मुलींना म्हणायचे, लिहून घ्या. एखादी विचारायची, 'बाई, पण माशाचा बेडूक झाला कसा?' तेव्हा मी म्हणायचे, हळूहळू. मला माहीत असलेलं उत्तर मला द्यायचा हक्क नव्हता. पुढं खूप वर्षांनी एका मासिकात वाचलं की महाशीरची गुणसूत्रं कोणीतरी मोजली आणि ती शंभर भरली, आणि पृष्ठवंशी प्राण्यांच्या मुळाशी अशी दुप्पट एकदा नव्हे, दोनदा झाली असावी. मी ते मासिक वाचनालयात जागेवर ठेवलं आणि घरी येऊन डाळ शिजत टाकली.

इतकी वर्षं माझा सगळा राग सेठाणीजीवर असायला हवा होता आणि तो तसा होताही, पण फक्त चारच वर्षं. मुंग्यांना पीठ घालणारी ती बाई माझं आयुष्य टांग्यात घालून कुंडात सोडून आली, असं मी नवऱ्याला अनेकदा ऐकवलं होतं. मग वडिलांची बदली नागपूरला झाली आणि सामान आवरायला मी जयपूरला गेले. निरोप घ्यायला खाली उतरले. सेठाणीजी बाजेवर बसलेली होती, आता तिला उठताही येत नव्हतं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, मी तुला चिमुरडी असल्यापासून बघितलं, पण तुझं घर आतून कधी बघितलं नाही, पंधरा-सोळा वर्षांत एकदाही वर येणं झालं नाही, या गुडघ्यांनी सगळं हिरावलं.

मी म्हटलं, तुम्ही आला होता की एकदा. मासा होता तेव्हा.

ती हसली. 'मैं कहाँ आई, बेटा?' असं म्हणाली. 'तुझी आई खाली आली होती. बादलीत मासा घेऊन, पदरानं झाकून. म्हणाली, टांगा मागवा, सोडायचाय.' मग आवाज खाली आणून म्हणाली, तू कॉलेजात जीव कापतेस हे मला पहिल्यापासून माहीत होतं, लिंबाचा वास रोज कोणाच्या हाताला येतो? शिकणाऱ्या मुलीला काय अडवायचं, म्हणून मी कधी बोलले नाही.

मी वर गेले. आई गोणपाटात पाट गुंडाळत होती, तोच पाट. मी दारात उभी राहून म्हटलं, 'सेठाणीजी वर आलीच नव्हती.'

आईनं सुतळीची गाठ मारली, ओढून बघितली. नाकारलं नाही. म्हणाली, 'मुलगी हातची जायची वेळ आली होती.' मी म्हटलं, माझं काम गेलं त्याचं काय? मी शंभर मोजली होती, आई. मी तिला खोटारडी म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, जे इथं लिहिणार नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग वर बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, 'तिच्या गुडघ्यांचं तुला ठाऊक नव्हतं, गो? दहा वर्षं टोपली तूच सोडत होतीस. मी सांगत होते तेव्हा एकदा तरी विचारायचंस, सेठाणीजी वर आली कशी म्हणून. मी वाट बघत होते.'

तिनं दुसरी गोणी ओढली आणि मला म्हणाली, हे टोक जरा धर. मी धरलं.